बुटावरचा खडू

आमची आत्या घोड्याच्या शेपट्या विंचरते. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि मग समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मागून बाबा ओरडतात, "नीट सांग गं! लोकांना वाटेल तबेल्यात आहे कामाला."

नीट सांगायचं तर आत्या वाद्यांच्या दुकानात गज दुरुस्त करते. व्हायोलिन, चेलो ज्याने वाजवतात तो गज. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून लावलेले असतात, ते झिजले की बदलावे लागतात. आत्या केसांची जुडी ओली करते, बारीक कंगव्याने विंचरते, एक टोक दातांत धरते आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तर दात न उघडता बोलते. "उंद्या न्या. छंध्याकाळी." गिऱ्हाइकांना हे सगळं कळतं. तिच्या हातांना कायम गजाला चोळायच्या राळेचा वास येतो आणि तिच्या कोटावर एक तरी पांढरा केस सापडतोच. बाबा म्हणतात, "लग्न केलं असतंस तर नवऱ्याने या केसावरून रोज भांडण काढलं असतं." आत्या म्हणते, "म्हणून तर नाही केलं. घोडा भांडत नाही."

दुकान बंद झालं की आत्या चेलो वाजवते. चेलो तिच्याकडे आला तो गुणांमुळे नाही, उंचीमुळे. शाळेत वाद्यं वाटली त्या दिवशी संगीताचे सर रांगेसमोरून फिरले आणि सगळ्यांत उंच मुलीपाशी थांबले. "तू. ते. मोठं. खोकं. उचल." सर असेच बोलतात. प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम, जणू पुढचा शब्द देण्याआधी मागच्याची पावती घेतायत. सरांची नक्कल आमच्या घरात सगळ्यांना येते, पण माझी सगळ्यांत चांगली. कारण बाकीचे नुसते थांबतात, मी थांबताना नाकपुड्याही फुगवते.

सरांचा एक नियम गावभर माहीत आहे. वाजवायला बसण्याआधी उजव्या बुटावर खडूचा तुकडा ठेवायचा. पायाने ताल धरलात की खडू पडला. पडला की उठायचं, उचलायचा, परत ठेवायचा आणि पहिल्यापासून वाजवायचं. "ताल. डोक्यात. पाय. जमिनीवर." सरांचे विद्यार्थी म्हातारे झाले तरी ओळखू येतात. कुठेही गाणं लागलं की यांचा उजवा पाय खिळा ठोकल्यासारखा गप्प.

त्यांचा दुसरा नियम चौघांत वाजवण्याचा. "चुकायचं. तर. चौघांनी. मिळून." कुणी वाट चुकलं की बाकीच्यांनी सरांकडे बघायचं आणि सर जिकडे जातील तिकडे मुकाट जायचं, सर चुकत असले तरी. चौघं मिळून चुकले तर ऐकणाऱ्याला कळत नाही. एकटा बरोबर राहिला की सगळ्यांना कळतं.

आता घरातली गोष्ट. आत्या आणि बाबा लहानपणी एकाच खोलीत राहायचे, मधे जुनी चादर टांगलेली. चादरीच्या अलीकडे आत्या चेलोवर सरगम घासायची, पलीकडे बाबा रेकॉर्ड लावायचे. रेकॉर्ड म्हणजे बाबांची लाडकी, तेव्हाच्या प्रोग्रेसिव्ह रॉकची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात गाणं तीन मिनिटांत संपत नाही. आधी ऑर्गन धुकं सोडतो, मग ढोलवाला मोजता न येणारा ताल धरतो, मग कुणीतरी एका मनोऱ्याबद्दल गातं. तुम्हाला वाटतं, झालं आता, तर तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. बाबांच्या रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण आमच्याकडे त्याला नुसतं 'दुसरी बाजू' म्हणतात.

बाबा ते एकट्याने ऐकत नसत. चादरीवरून डोकं काढून सांगायचे. "ऐक, ऐक, आता येतंय… थांब… आता येतंय… आलं! बघ आलं!" अजूनही तसंच करतात. बाबांबरोबर काहीही ऐकायचं म्हणजे आधी बातमी आणि मग घटना.

सांगायचा मुद्दा, आत्याचा चेलो हळूहळू चादरीपलीकडच्या खर्जाला उत्तर द्यायला लागला. सरगम संपली की ती गुपचूप रेकॉर्डबरोबर वाजवायची. एक दिवस जोरात गज ओढला, गज चादरीतून पलीकडे गेला आणि त्याचं टोक थेट फिरत्या तबकडीवर. खर्र. तेव्हापासून त्या जागी सुई उडी मारते. बाबा कितीतरी दिवस आत्याशी बोलले नाहीत. जेवताना आजीला सांगायचे, "तुमच्या मुलीला सांगा, मीठ द्या म्हणावं." आत्या म्हणायची, "तुमच्या मुलाला सांगा, मीठ त्याच्या कोपराखाली आहे." मग राग गेला, ओरखडा राहिला. दोघंही त्या उडीसकट मोठे झाले.

बाबा पुढे फरशांच्या दुकानात लागले. आत्या सरांच्या चौकडीत गेली. पहिलं व्हायोलिन सर. दुसरं व्हायोलिन सरांचाच जुना विद्यार्थी, आमचे दातवाले काका. हे दात काढतानासुद्धा उजवा पाय हलवत नाहीत, मशिनचं पेडल डाव्या पायाने दाबतात. व्हिओलावर गणितबाई, ज्या मला शाळेत शिकवतात आणि ज्यांच्याबद्दल मी इथे जपून लिहिणार आहे. ही चौकडी लग्नांत, हॉटेलांत, कुणाच्या कंपनीच्या वाढदिवसाला वाजवते. आत्या म्हणते, "लोक जेवतात, आपण वाजवतो. कुणी टाळी वाजवली तर समजावं, वेटरला हाक मारतायत." मी तिला विचारलं होतं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "घास चावताना चालीत चावतात गं. तेवढं पुरे." पण पुरे नव्हतं. ते पुढे कळलं.

कारण कितीतरी वर्षं आत्या दुकानातून आली की जेवणाच्या टेबलावर 'दुसरी बाजू' चार वाद्यांसाठी उतरवून काढत होती. रेकॉर्ड न लावता, डोक्यातून. ऑर्गनचं धुकं दुसऱ्या व्हायोलिनला आणि व्हिओलाला. मनोऱ्याचं गाणं पहिल्या व्हायोलिनला. ढोल सगळ्यांनी मिळून, गज उलटा करून त्याच्या लाकडाने तारांवर टकटक. आणि खर्ज स्वतःकडे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं, एक धागा न तोडता.

सरांनी पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. नाकपुड्या फुगल्या.

"हे. सात. मात्रांत. आहे."

"हो सर."

"का?"

आत्याने पेन्सिल कानामागे खोचली. ती म्हणाली, "तसंच आहे ते, सर. आठ केलं की मरतं."

सरांनी कागद सरळ केले, कडा जुळवल्या. "एकदा. वाजवू. सभेत. मधे. मोडलं. तर. हे. कपाटात. पुन्हा. विषय. नाही."

सभा म्हणजे आमच्याकडची संगीतसभा. जुनं सभागृह, लाकडी रंगमंच, खोकल्याच्या गोळ्या चघळणारे नेहमीचे श्रोते. तिथल्या व्यवस्थापकांचा आवाज लोणी लावलेला. "ताई, त्यातला तो मधला गोड तुकडा वाजवा ना, पाच मिनिटांचा. लोकांना आवडेल. बाकीचं काय… बाकीचंच आहे." आत्या त्यांच्याशी इतक्या हळू बोलली की त्यांना पुढे वाकावं लागलं. "पूर्ण. नाहीतर नाही." एरवी ती हॉटेलवाल्याने सांगितलं तर वाढदिवसाचं गाणं लागोपाठ तिसऱ्यांदा वाजवणारी बाई आहे.

तालीम दातवाल्या काकांच्या दवाखान्यात व्हायची, पेशंट बसतात त्या खोलीत. भिंतीवर कीड लागलेल्या दाढेचं चित्र, खाली चौघं, चार बुटांवर चार खडू. माझ्या दातांना तार असल्यामुळे मी तिथे हक्काने बसायचे.

घोडं अडलं ते सातावर. आणि कुणाचं अडावं? गणितबाईंचं! वर्गात सतराचा पाढा उलटा म्हणणाऱ्या बाई सहाव्या मात्रेवर गटांगळी खायच्या. दातवाले काका म्हणाले, "बाई, फक्त सातापर्यंत हो." बाई म्हणाल्या, "मोजायला येतं मला! मोजता मोजता वाजवायला येत नाही." पाय आपटायची सोय नाही, खडू पडतो. शेवटी आत्याने युक्ती काढली. म्हणाली, मोजू नका, मनात बोला. आमचा दादा, म्हणजे हिचे बाबा, रोज सकाळी ओरडतो तसं. चहा गार, झाला की रे. च-हा-गार, झा-ला-की-रे. झाल्या सात.

बाईंनी डोळे मिटले, ओठ हलवले, वाजवलं, आणि गाडी रुळावर. काकाही चहावर आले. दोघांचे ओठ हलतायत, भिंतीवर दाढ, आणि खालून आत्याचा खर्ज घुमतोय. मला हसू आवरेना आणि अंगावर काटाही येत होता, दोन्ही एकदम.

सर मात्र म्हणाले, "मी. चहावर. वाजवत. नाही."

एका तालमीला दातवाले काका कागद घेऊन आले. "ताई, मी मूळ रेकॉर्ड ऐकली गाडीत. सात-सातचा हा पट्टा संपतो ना, तिथे तुमच्या कागदावर शेवटी चारच मात्रा आहेत. रेकॉर्डमध्ये पूर्ण सात आहेत. तीन गेल्या कुठे?"

आत्याने बोट ठेवून मात्रा मोजल्या. मग मानेपासून कानांपर्यंत लाल झाली. मला कळलं, कारण घरी ती रेकॉर्ड मीही ऐकलेली. तो ओरखडा होता! तिने इतकी वर्षं मन लावून ओरखडासुद्धा उतरवला होता. "चूक आहे, खोडते," असं पुटपुटत तिने रबर काढलं.

"थांब," सर म्हणाले. "ते. राहू. दे. सगळ्या. या. गोंधळात. तेवढीच. एक. जागा. आहे. जिथे. कुणाला. तरी. काही. सुचलंय."

सर खाली उतरून गेले आणि तिघंही खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. मग आत्याने माझा कान धरला. "दादाला सांगायचं नाही." मी नक्कल सगळ्यांची करते, चुगली कुणाची करत नाही. नाही सांगितलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात दोन जमाती आल्या. एक खोकल्याच्या गोळ्यांची. दुसरी बाबांच्या मित्रांची, तरुणपणचे काळे टी-शर्ट घालून, जे आता पोटावर ताणून ताणून त्यातल्या चित्रांतले मनोरे आडवे झाले होते. दोन्ही जमाती एकमेकींकडे, चुकून दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारख्या बघत होत्या. बाबा माझ्या शेजारी. इस्त्रीचा सदरा, गुडघा आधीपासून हलतोय.

पूर्वार्धात चौघांनी जुनं, शास्त्रोक्त, नेहमीचं वाजवलं. छान झालं. मध्यंतरानंतर सर आले, बसले, खिशातून खडू काढला, बुटावर ठेवला. बाकी तिघांनीही ठेवला. काळ्या टी-शर्टांत कुजबुज झाली, "हे काय?" पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून अभिमानाने सांगितलं, "शिस्त."

मग धुकं आलं. दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला, इतकं हळू की आधी वाटलं पंख्याचा आवाज आहे. बाबांनी माझं मनगट धरलं. "आता येतंय… थांब… आता…" आणि आत्याचा खर्ज आला. लाकडी रंगमंचातून, खुर्च्यांच्या पायांतून, आमच्या तळपायांत. मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं. सरांनी मनोऱ्याचं गाणं असं वाजवलं की मला पहिल्यांदाच वाटलं, त्या मनोऱ्यात खरंच कुणीतरी राहत असेल. खोकल्याच्या गोळ्या चघळायच्या थांबल्या.

मग सातचा पट्टा सुरू झाला. आत्याची एकच ओळ फिरतेय, फिरतेय, आणि वर तिघं चढत चाललेत. सरांची तान सगळ्यांत लांब, सगळ्यांत वर. आणि तिथे, ती तान संपवताना, सरांनी तेच केलं जे त्यांच्या हाताने आयुष्यभर केलंय. वाक्य नीट पूर्ण केलं. सातावर सोडायचं ते एक मात्रा जास्त घेऊन, आठावर, ऐटीत, उंबऱ्यावर पाय पुसून आत आल्यासारखं.

दातवाल्या काकांनी सरांकडे बघितलं आणि सरांमागे आठात गेले. गणितबाई गेल्या. नियम तो नियम. चुकायचं तर मिळून. राहिली एकटी आत्या सातात, एक मात्रा पुढे.

ऐकणाऱ्यांना अजून नक्की कळलं नव्हतं, नुसतं काहीतरी घसरतंय असं वाटत होतं, पायरी चुकल्यासारखं. पण मला माहीत होतं, पट्टा संपतोय आणि पुढे ती उडी आहे. ओरखडा! तिथे चौघांना एकाच क्षणी उडी मारायची आहे. तिघं इकडे आणि एक तिकडे असताना उडी मारली तर सगळं रंगमंचावर सांडणार. मोडणार. मग कागद कपाटात आणि पुन्हा विषय नाही. आत्याने फक्त एक मात्रा थांबायचं होतं, की ती तिघांत मिसळली असती. मग सगळे मिळून आठात वाजवत राहिले असते, कुणालाही कळलं नसतं. फक्त ते मेलं असतं.

आत्याने सरांकडे बघितलं. मग नजर काढून घेतली आणि चेलोकडे बघितलं.

आणि पाय आपटला.

ठण्. लाकडी रंगमंच तो. खडू उडाला, दोनदा टप्पे खात घरंगळला आणि पुढच्या कडेवरून खाली पडला. ठण्, पुन्हा, पहिल्या मात्रेवर. पुन्हा ठण्. गज पूर्ण लांबीने ओढत, खांद्यातून, तबेल्यातले सगळे घोडे एकदम सोडल्यासारखं. पहिल्या रांगेतले शिस्तवाले आजोबा खुर्चीत मागे सरकले.

सरांनी गज तारेवरून उचलला. ते थांबले. सर कधी थांबत नाहीत. मान आत्याच्या पायाकडे वळलेली, आणि त्यांचे ओठ हलत होते. ओठ वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी शपथेवर सांगते, सर चहा मोजत होते. चहा गार, झाला की रे. चहा गार, झाला की रे.

आणि बरोबर सातावर सुटून, पहिल्या मात्रेवर सर आत आले. त्यांच्यामागून काका, काकांमागून बाई. चौघांच्या आठ भुवया एकदम वर गेल्या आणि एकदम खाली आल्या, आणि चौघांनी मिळून उडी मारली.

काळे टी-शर्ट दचकले. त्यांना मूळ गाणं पाठ, तीन मात्रा गेल्या कुठे? माझ्या पलीकडचा बाबांचा मित्र पुटपुटला, "चुकले की काय रे?"

बाबांची मान मात्र त्या उडीबरोबरच उडाली होती. बरोबर त्याच क्षणी, सवयीने, इतक्या वर्षांच्या. मग त्यांना कळलं. माझं मनगट इतकं दाबलं की बोटं उमटली. "ही माझी रेकॉर्ड आहे," ते म्हणाले. "अगं, ही माझी रेकॉर्ड आहे!" आणि मित्राकडे वळून, नाक पुसत, "चूप बस. बरोबर आहे. आमच्या घरी असंच आहे."

पुढचं गाणं त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. पहिल्यांदाच, काय येतंय ते त्यांनी आधी सांगितलं नाही.

शेवटचा सूर संपला. मग दोन्ही जमाती उठल्या. काळे टी-शर्ट बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होते. गोळ्यावाले आजोबा उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि शिट्टी कशी मारतात ते शेजाऱ्याला विचारत होते. एकही टाळी वेटरसाठी नव्हती. आत्या चेलोच्या मागे लपायचा प्रयत्न करत होती. चेलो मोठा असतो, पण आत्या त्याहून उंच.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. काका गज पुसत होते, पुसलेलाच. गणितबाई भिंतीकडे बघत होत्या. सर खुर्चीत, डोळे मिटून. आत्या त्यांच्यासमोर उभी, शाळेतल्या रांगेतल्यासारखी.

"खडू?" सर म्हणाले.

"पडला, सर."

"पाय. आपटलास."

"हो, सर."

सरांनी डोळे उघडले. नाकपुड्या फुगल्या. "उशिरा. आपटलास." मग, "पुढच्या. वेळी. जरा. आधी. आपट."

'पुढच्या वेळी' हे दोन शब्द ऐकल्यावर आत्या खाली बसली. खुर्ची होती म्हणून बरं. बाबा दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा—" आणि दाराची कडी चाळवायला लागले. आत्या म्हणाली, "मीठ कोपराखाली आहे, दादा."

हल्ली घरी पाहुणे आले, की चहा ओतून होतो न होतो तोच बाबा मला म्हणतात, "ते सरांचं कर ना. शेवटचं." मी आधी नाही म्हणते, मग खुर्चीत ताठ बसते, डोळे मिटते, नाकपुड्या फुगवते. पाहुणे हसायला तयार बसतात. आत्या तेवढ्यात भांडी घासायचं निमित्त काढून आत पळते. "कितीदा तेच तेच," असं बडबडत नळ जोरात सोडते.

मग मी म्हणते, "पुढच्या. वेळी."

आणि आतला नळ बंद होतो.